सुभाष गुप्ते : मैदानाबाहेर हरलेला डाव

खेळाडूच्या आयुष्यांत दोन मैदानें असतात. एक हिरवळीचें. तेथें पंच उभे असतात, नियम छापलेले असतात, आणि बाद झालेला फलंदाज आपण कोणाच्या चेंडूवर व कसे बाद झालों हें धावफलकावर वाचूं शकतो. दुसरें मैदान त्याच्या भोवतालच्या समाजाचें, संस्थांचें व अधिकाऱ्यांचें. तेथील नियम बहुधा अलिखित. पंच कोण, हेंही पुष्कळदां कळत नाहीं. आणि निकाल लागला तरी त्याचीं कारणें कोणत्याही फलकावर झळकत नाहींत.

या दुसऱ्या मैदानाचीं दोन टोकें पुणें शहरानें जवळून पाहिलीं आहेत. सदाशिव पेठेंतील सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे प्रोफेसर दि. ब. देवधर हें त्यांतील सुखाचें टोक. १९२६ सालीं मुंबईस गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं १४८ धावा काढल्या; पन्नाशी उलटल्यावरही ते रणजी करंडकाचे सामने खेळले. भारताकडून कसोटी खेळण्याचें भाग्य त्यांस लाभलें नाहीं, तरी १९९३ सालीं शंभरी ओलांडून ते निवर्तले, तोंपर्यंत गांवानें त्यांचा मान राखला. दुसरें टोक पळवणकर बाळू यांचें. पूना क्लबच्या मैदानाची निगा राखतां राखतां तेथील इंग्रज फलंदाजांना चेंडू टाकून त्यांनीं आपली डावखुरी फिरकी घडविली. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी मिळविले. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्म झाला म्हणून त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत येई. आणि हिंदु संघाचें कप्तानपद त्यांना कधींच मिळालें नाहीं.

देवधरांना लोकांचा आदर लाभला व बाळूंना लोकांचा पूर्वग्रह भोगावा लागला. या दोन्हींहून निराळी अशी एक तिसरी कहाणी आहे. तींत आदर होता, जातीचा अडथळा नव्हता, गुणांविषयीं कोणास शंकाही नव्हती. आणि तरीदेखील एका संध्याकाळच्या एका फोनानें सारें संपलें. ही कहाणी मुंबईच्या सुभाष गुप्ते यांची.

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजीं मुंबईस झाला. त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही पुढें भारताकडून तीन कसोटी सामने खेळले. दोघेही उजव्या हातानें लेगब्रेक टाकीत. गोलंदाजीच्या सर्व प्रकारांत हा प्रकार अत्यंत कठीण. वेगवान गोलंदाजास खांद्याचें बळ पुरतें. लेगब्रेक टाकणाऱ्यास मनगट फिरवावें लागतें, आणि त्या फिरण्यांत अंशमात्र चूक झाली तरी चेंडू फलंदाजाच्या पुढ्यांत आयता जाऊन पडतो. साधला, तर तो उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायाकडे पडून बाहेरच्या यष्टीकडे वळतो. त्याच हालचालींत, हाताची पाठ फलंदाजाकडे करून सोडलेला चेंडू उलट आंत वळतो, हा गुगली. गुप्ते यांच्यापाशीं गुगलीचेही दोन प्रकार होते. एक ओळखतां आला म्हणून फलंदाज निर्धास्त व्हावा, तोंच दुसरा येऊन त्याचा घात करी. चेंडूस उंची देऊन फलंदाजास पुढें ओढावें, आणि तो पुढें आला म्हणजे चेंडू त्याच्या अंदाजापेक्षां अलीकडे टेकवावा, हें त्यांचें मुख्य अस्त्र होतें.

अशा गोलंदाजाचें यश केवळ त्याच्या हातीं नसतें. झेल घेणारे हात खात्रीचे लागतात, यष्टिरक्षकास चेंडूचें वळण ओळखावें लागतें, आणि चार चौकार गेले तरी धीर न सोडणारा कप्तान लागतो. महाराष्ट्र संघाकडून खेळणारे सदाशिव शिंदे यांना याचा अनुभव आला होता. नोव्हेंबर १९५१ मध्यें दिल्लीस त्यांनीं इंग्लंडचे सहा फलंदाज ९१ धावांत बाद केले. परंतु दुसऱ्या डावांत हातचे झेल सुटत गेले आणि इंग्लंडनें सामना वांचविला. त्याच मालिकेंत, ३० डिसेंबर १९५१ रोजीं कलकत्त्यास सुरू झालेल्या सामन्यांत गुप्ते यांनीं भारताकडून पदार्पण केलें.

त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें १९५३ सालच्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालील तो संघ. समोर वॉरेल, वीक्स व वॉलकॉट हे तीन विख्यात फलंदाज. तरीही पांच कसोटी सामन्यांत गुप्ते यांनीं २७ बळी घेतले, आणि भारतानें पांचांपैकीं एकच सामना गमावला. तेथील प्रेक्षकांनीं आपल्याकडील लेगब्रेक गोलंदाज फर्ग्युसन याच्यावरून त्यांना ‘फर्गी’ हें लाडकें नांव दिलें, व तें त्यांना जन्मभर चिकटलें. त्याच दौऱ्यांत त्रिनिदादच्या ज्या तरुणीशीं त्यांची ओळख झाली, तिच्याशींच पुढें त्यांचा विवाह झाला. सातासमुद्रांपलीकडील त्या बेटाशीं जडलेलें हें नातें पुढें त्यांच्या आयुष्याचा आधार ठरावयाचें होतें.

त्यानंतरचीं पांच-सहा वर्षें त्यांच्या वैभवाचीं. डिसेंबर १९५४ मध्यें मुंबईकडून खेळतांना पाकिस्तान सर्व्हिसेस व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाचे एका डावांतील दहाही फलंदाज त्यांनीं ७८ धावांत बाद केले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. लगोलग पाकिस्तानांतील पांच कसोटींत २१ बळी. त्यांत डाक्का येथें केवळ १८ धावांत पांच. १९५५-५६ सालीं न्यूझीलंडचा संघ आला, तेव्हां पांच सामन्यांत ३४ बळी. त्या मालिकेची सुरुवात हैदराबादेस झाली. गुप्ते यांनीं तेथें १२८ धावांत सात बळी मिळविले. आणि मद्रासचे कृपालसिंग यांनीं पदार्पणांतच नाबाद शतक झळकाविलें. सहा वर्षांनीं या दोघांचीं नांवें पुन्हां एकत्र येणार होतीं. परंतु फार वेगळ्या कारणानें.

डिसेंबर १९५८ मधील कानपूरचा कसोटी सामना हा या कारकिर्दीचा कळस. वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला, आणि त्यांतील नऊ फलंदाज गुप्ते यांनीं १०२ धावा देऊन बाद केले होते. कसोटीच्या एका डावांत नऊ बळी यापूर्वीं कोणा भारतीयानें घेतले नव्हते. उरलेला एक बळी त्या सामन्यांत पदार्पण करणाऱ्या पुण्याच्या वसंत रांजणे यांचा. भारताचा पहिला डावही २२२ धावांतच संपला. परंतु दुसऱ्या डावांत सोबर्सनें १९८ धावा कुटल्या आणि भारत २०३ धावांनीं हरला. नऊ बळी घेऊनही पराभूत संघांत बसणें, हें गुप्ते यांच्या काळच्या भारतीय गोलंदाजाचें प्राक्तनच होतें.

त्या काळीं संघ कोण निवडतो, कां निवडतो व कां वगळतो, याचा उलगडा सामान्य रसिकास होत नसे. १९५८-५९ च्या त्या एकाच मालिकेंत भारताचे चार कप्तान झाले: उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड आणि अधिकारी. त्याच्याही आधीं माधव आपटे यांचें उदाहरण घडून गेलें होतें. १९५३ सालच्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत त्यांनीं पोर्ट ऑफ स्पेन येथें नाबाद १६३ धावा केल्या. सात कसोटींत त्यांची सरासरी ४९ च्या वर होती. आणि त्या दौऱ्यानंतर त्यांना पुन्हां कधींही बोलावणें आलें नाहीं. गुप्ते यांनाही १९५९-६० च्या मोसमांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकही कसोटी खेळावयास मिळाली नाहीं. पुढें जें घडलें तें या पार्श्वभूमीवर पाहिलें पाहिजे. जेथें निवडीचें कारण सांगण्याची चाल नव्हती, तेथें वगळण्याचें कारण सांगण्याची गरज कोणास वाटणार?

१९६१ च्या हिवाळ्यांत टेड डेक्स्टर यांच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडचा संघ भारतांत आला. डिसेंबरच्या आरंभीं कानपूरला गुप्ते यांनीं ९० धावांत पांच बळी घेतले. इंग्लंडचा डाव २४४ धावांत कोसळला आणि भारताविरुद्ध फॉलोऑन घेण्याची पाळी त्या देशावर प्रथमच आली. सामना अनिर्णित राहिला. परंतु गुप्ते यांचा हात अजून शाबूत आहे, हें सिद्ध झालें. १३ डिसेंबरला दिल्लीची कसोटी सुरू झाली. दोनच दिवसांपूर्वीं त्यांस बत्तिसावें वर्ष पुरें झालें होतें. फिरकी गोलंदाजाच्या दृष्टीनें हें वय उताराचें नव्हे. विनू मांकड चाळिशी ओलांडीपर्यंत कसोटी खेळले होते.

दिल्लींत संघाचा मुक्काम जनपथावरील इंपीरियल हॉटेलांत होता. गुप्ते आणि कृपालसिंग हे एका खोलींत उतरले होते. जी हकीकत पुढें प्रसिद्ध झाली ती अशी: कृपालसिंग यांनीं खोलींतून फोन करून हॉटेलच्या स्वागतकक्षांत काम करणाऱ्या एका बाईस, काम संपल्यावर आपल्याबरोबर पेयपानास येण्याविषयीं विचारलें. त्या बाईनें हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली, व ती तक्रार संघाच्या आणि मंडळाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोंचली. खोली दोघांची होती, म्हणून नांवेंही दोघांचीं गेलीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तक्रार करणाऱ्या बाईचें कांहीं चुकलें नव्हतें. पोटासाठीं नोकरी करणाऱ्या स्त्रीस पाहुण्याचें असलें आमंत्रण नकोसें वाटलें, तर तें वरिष्ठांच्या कानांवर घालणें हा तिचा हक्क होता. आणि देशाच्या नांवानें प्रवास करणाऱ्या खेळाडूंनीं आपल्या वर्तनाचा हिशेब दिलाच पाहिजे. तक्रारीची दखल घेतली, यांत मंडळाचें चुकलें नाहीं. फोन कोणी केला हें ठरवून त्यालाच जबाबदार धरण्याचें जें दुसरें पाऊल उचलावयास हवें होतें, तें उचललें गेलें नाहीं, हा खरा दोष.

फोन आपण केला नव्हता, हें गुप्ते यांचें म्हणणें अखेरपर्यंत कायम राहिलें. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें मंडळाकडून त्यांना विचारणा झाली ती अशी कीं, खोलींतील सोबत्यास तुम्हीं अडविलें कां नाहीं? त्यावर, तो धिप्पाड गडी, त्याला मीं कसा आवरणार, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. या प्रश्नोत्तरांतच साऱ्या प्रकरणाचें मर्म आहे. आरोप कृत्याचा राहिला नाहीं, सोबतीचा झाला. ज्याच्या खोलींत गुन्हा घडला तो गुन्हेगार, असें एकदां मानलें म्हणजे पुराव्याची गरजच उरत नाहीं.

दोघांनाही संघांतून वगळण्यांत आलें. कलकत्ता व मद्रास येथील उरलेले दोन सामने गेले, आणि पाठोपाठ येणाऱ्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठींही त्यांचा विचार झाला नाहीं. कलकत्त्याचा सामना ३० डिसेंबर १९६१ रोजीं सुरू झाला. दहा वर्षांपूर्वीं त्याच तारखेस, त्याच शहरांत, त्याच इंग्लंडविरुद्ध गुप्ते यांनीं पहिल्यानें कसोटीचें मैदान पाहिलें होतें.

आणि मग इतिहासानें एक चमत्कारिक वळण घेतलें. भारतानें कलकत्त्याचा सामना १८७ धावांनीं जिंकला, मद्रासचा १२८ धावांनीं जिंकला, आणि इंग्लंडविरुद्धची मालिका प्रथमच आपल्या खात्यावर जमा केली. सलीम दुराणी यांनीं त्या दोन सामन्यांत १८ बळी घेतले. पुण्याचे चंदू बोर्डे यांनीं बॅट आणि लेगब्रेक दोहोंनींही हातभार लावला. देशभर आनंदीआनंद झाला, आणि तो उचितच होता. परंतु विजयाच्या नौबतींत एका माणसावरील अन्यायाचा आवाज बुडून गेला. संघ हरला असता, तर गुप्ते कोठें आहेत असें लोकांनीं विचारलें असतें. संघ जिंकला, म्हणून कोणी विचारलें नाहीं. पराभव प्रश्न विचारावयास लावतो. विजय बहुधा उत्तरें देण्यांतून सुटका करतो.

वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानें तीं उत्तरें मागितलीं असतीं, परंतु तेथें दुसरेंच संकट कोसळलें. मार्च १९६२ मध्यें बार्बाडोस येथें ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर आदळून कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारांतून परत आले. अवघ्या एकवीस वर्षांच्या पतौडींना नेतृत्व स्वीकारावें लागलें. आणि भारत पांचही सामने हरला. ज्या भूमीवर नऊ वर्षांपूर्वीं गुप्ते यांनीं २७ बळी घेतले होते, तेथेंच त्यांच्यावांचून हें घडलें. ते असते तर निकाल फिरला असता असें म्हणणें धाडसाचें होईल. एवढें मात्र खरें कीं, त्या बेटांवरील खेळपट्ट्या आणि तेथील फलंदाज त्यांच्याइतके जाणणारा दुसरा भारतीय गोलंदाज क्वचितच सांपडला असता.

याहून मनास लागणारी गोष्ट पुढें आहे. कृपालसिंग यांस कालांतरानें क्षमा झाली. १९६४ सालीं ते पुन्हां भारताकडून कसोटी सामने खेळले. ती क्षमा गैर होती असें नव्हे; एका चुकीसाठीं मनुष्यास जन्मभर दाराबाहेर ठेवणें कोणत्याच न्यायांत बसत नाहीं. परंतु ज्यानें फोन केला त्याच्यासाठीं दार उघडलें, आणि ज्यानें केला नाहीं त्याच्यासाठीं तें कायमचें मिटलें. ३६ कसोटी सामने आणि १४९ बळी या आंकड्यांवर गुप्ते यांची कारकीर्द गोठली. त्या घटकेस भारताकडून त्यांच्याहून अधिक बळी एकट्या विनू मांकड यांच्या नांवावर होते.

असली प्रकरणें आधीं घडलीच नव्हतीं, असेंही नाहीं. १९३६ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांतून लाला अमरनाथ यांना, बेशिस्तीचा ठपका ठेवून, पहिल्या कसोटीपूर्वींच मायदेशीं धाडण्यांत आलें. कप्तान विजयनगरम्‌चे महाराजकुमार होते. अमरनाथांच्या पाठीशीं संस्थान नव्हतें कीं संपत्ति नव्हती. तरीही लोकमताच्या रेट्यानें मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन ब्यूमाँट यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती बसली. तिनें अमरनाथांस दोषमुक्त केलें आणि कप्तानाच्या कारभारावर ताशेरे ओढले. अमरनाथ १९४६ सालीं कसोटी संघांत परतले व १९४७-४८ सालीं ऑस्ट्रेलियांत भारताचे कप्तान झाले. परकीयांच्या राजवटींत एका खेळाडूस जी चौकशी लाभली, ती स्वराज्यांत दुसऱ्यास लाभूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

पुण्याच्या माणसास येथें रामशास्त्री प्रभुणे यांची आठवण होणें स्वाभाविक आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हां शास्त्रीबोवांनीं आधीं चौकशी केली, मग दोषी कोण तें ठरविलें. आणि दोष सत्ताधारी राघोबादादांवर येतो असें दिसल्यावरही तो बोलून दाखविण्यास ते कचरले नाहींत. त्यांच्या निःस्पृहतेचें कौतुक घरोघरीं होतें. परंतु तिच्या मुळाशीं असलेली शिस्त, म्हणजे आधीं शोध व मग निर्णय, ती मात्र कौतुकाच्या भरांत पुष्कळदां विसरली जाते. ती शिस्त केवळ राज्यकारभारासाठीं नाहीं. शाळेच्या वर्गापासून खेळाच्या मंडळापर्यंत जेथें जेथें एका माणसाच्या हातीं दुसऱ्याचें भवितव्य असतें, तेथें तेथें ती हवी. खोडी एकानें करावी आणि सबंध बांकास शिक्षा व्हावी, हें वर्गांतील मुलांसही न्यायाचें वाटत नाहीं.

अलीकडे या बाबतींत कांहीं पालट झाला आहे. जानेवारी २०१९ मध्यें हार्दिक पंड्या व के. एल. राहुल या दोघांनीं दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमांत स्त्रियांविषयीं अनुचित उद्गार काढले, म्हणून त्यांना चौकशी होईपर्यंत दूर ठेवण्यांत आलें. कांहीं दिवसांनीं ती बंदी उठली. एप्रिलमध्यें, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति असलेल्या लोकपालांनीं दोघांचें म्हणणें ऐकून प्रत्येकीं वीस लाख रुपये दंड ठोठावला. आणि त्याच वर्षीं दोघेही विश्वचषकाच्या स्पर्धेंत खेळले. दोष निश्चित झाला, दंड ठरला, तो भरून झाला आणि प्रकरण मिटलें. शिक्षेला आरंभ असावा तसा शेवटही असावा, हें तत्त्व त्यांत पाळलें गेलें. गुप्ते यांच्या शिक्षेला शेवटच नव्हता, कारण ती शिक्षा म्हणून कधीं कोणीं लिहूनच ठेविली नव्हती.

गुप्ते पुढें त्रिनिदादला जाऊन स्थायिक झाले. तेथील संघाकडून ते कांहीं प्रथम श्रेणीचे सामने खेळले, आणि ५३० बळींवर त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द संपली. ज्या मातींत त्यांना ‘फर्गी’ हें नांव मिळालें होतें, त्या मातीनेंच त्यांना घर दिलें. कानपूरला ज्यांच्या १९८ धावांनीं त्यांच्या पराक्रमावर पाणी पाडलें, त्या गारफील्ड सोबर्स यांनीं पुढें जगांतील थोर लेगब्रेक गोलंदाजांची तुलना करतांना शेन वॉर्नच्याही वर गुप्ते यांचें नांव घेतलें. प्रतिस्पर्ध्यानें दिलेल्या या प्रशस्तीहून मोठें प्रमाणपत्र कोणतें असणार?

नियामक मंडळासही अखेर आठवण झाली. २००० सालीं सी. के. नायडू यांच्या नांवाचा जीवनगौरव पुरस्कार गुप्ते यांना देण्यांत आला. त्याच्या आदल्याच वर्षीं, फेब्रुवारी १९९९ मध्यें, दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर अनिल कुंबळे यांनीं पाकिस्तानचे दहाही फलंदाज एका डावांत बाद केले होते. कानपूरला गुप्ते यांचा जो एक बळी राहून गेला, तो दुसऱ्या एका लेगब्रेक गोलंदाजानें चाळीस वर्षांनीं मिळविला. आणि तोही गुप्ते ज्या मैदानावर शेवटची कसोटी खेळले, त्याच मैदानावर. ३१ मे २००२ रोजीं पोर्ट ऑफ स्पेन येथें सुभाष गुप्ते यांचें निधन झालें.

पुरस्कारानें मनुष्याचा सन्मान होतो. परंतु बत्तिसाव्या वर्षीं गमावलेले सामने सत्तराव्या वर्षीं परत मिळत नाहींत. दिल्लीच्या त्या हॉटेलांत कोणाचा अपमान झाला असेल, तर तो त्या नोकरी करणाऱ्या बाईचा. तिला न्याय हवा होता, आणि तोही नीट मिळाला असें म्हणतां येत नाहीं. कारण निरपराध्यास शिक्षा केल्यानें पीडिताचें समाधान होत नसतें, केवळ अन्याय झालेल्यांची संख्या एकावरून दोन होते. दहा मिनिटें शांतपणें बसून फोन कोणी केला एवढेंच ठरविलें असतें, तर त्या बाईस न्याय मिळाला असता, कृपालसिंग यांस योग्य तें शासन झालें असतें, आणि भारतास त्याचा श्रेष्ठ लेगब्रेक गोलंदाज गमवावा लागला नसता.